ॲस्पिरिन बंद झाली, पण डब्यात ती अजून आहे

प्रश्न थोडक्यात असा. सासरे ७३ वर्षांचे, ठाण्यात नौपाड्याला राहतात; विचारणारी सून ऐरोलीला. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत एक स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला आहे. बीपी आहे, शुगर आहे. महिन्याभरापूर्वी ईसीजीत ठोके अनियमित दिसले, एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार) असल्याचं निदान झालं. हृदयरोगतज्ज्ञांनी ॲपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी, ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ सुरू केली आणि कागदावर ‘ॲस्पिरिन बंद’ असं लिहिलं. सासूबाईंना ते पटत नाही: स्टेंटवाल्याची ॲस्पिरिन कोणी बंद करतं का? वजन ५८ किलो, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.२, मग अडीचची गोळी पुरणार नाही का? शेजारच्या काकूंना वॉल्व्हचा (हृदयाच्या झडपेचा) त्रास आहे, त्याही रक्त पातळ होण्याची गोळी घेतात, त्यांना दर महिन्याला तपासणी आणि पालेभाजीवर बंधन. सासऱ्यांना कोणी काहीच सांगितलं नाही. गुडघा दुखला की ते गोळी घेतात. आणि आता दाढ काढायची आहे, दाताचे डॉक्टर म्हणतात पाच दिवस गोळी बंद ठेवा. सोबत गोळ्यांच्या डब्याचा फोटो.

ताई, फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. सगळ्या प्रश्नांआधी त्याच्याबद्दल बोलतो.

रात्रीच्या कप्प्यात जी कॅप्सूल आहे, जिला घरात ‘कोलेस्टेरॉलची’ म्हणतात, तिच्या स्ट्रिपवर मागे बारीक अक्षरांत दोन नावं आहेत: ॲस्पिरिन ७५ आणि ॲटॉर्व्हास्टॅटिन १०. म्हणजे डॉक्टरांनी बंद केलेली ॲस्पिरिन सासरे महिनाभर रोज रात्री घेतायत, तीही ॲपिक्साबॅनच्या जोडीला. सासूबाईंनी हे मुद्दाम केलेलं नाही. छोटी पांढरी गोळी त्यांनी डब्यातून इमानदारीने काढली. कॅप्सूलच्या पोटात तीच बसली आहे हे त्यांना कोण सांगणार? आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये घालायची पद्धत आहे. गोळ्यांची संख्या कमी होते, विसरण्याचं प्रमाणही कमी होतं, म्हणून मी स्वतःही त्या लिहितो. पण एखादं औषध बंद करायची वेळ आली की याच कॅप्सूल घात करतात. ‘गोल्ड’, ‘एव्ही’, ‘ए’ अशी शेपटं लागलेली नावं दिसली की मागची बाजू वाचायचीच.

आजच हृदयरोगतज्ज्ञांना हा फोटो पाठवा आणि फोनवर विचारून घ्या. कॅप्सूल नुसती काढून टाकू नका, कारण तिच्याबरोबर स्टॅटिनही (कोलेस्टेरॉल उतरवणारं ॲटॉर्व्हास्टॅटिन) जाईल, आणि स्टेंट असलेल्या माणसाला स्टॅटिन जन्मभर लागते. बहुधा ते स्टॅटिनची सुटी गोळी लिहून देतील, आणि शुगर व स्टेंट दोन्ही असलेल्या माणसाला १० मिलिग्रॅम पुरेसं आहे का हेही त्या निमित्ताने बघतील.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो रास्त आहे. वर्षानुवर्षं त्यांना सांगितलं गेलं की ही गोळी चुकवायची नाही, आणि आता अचानक बंद.

गुठळी दोन गोष्टींनी बनते. रक्तवाहिनीला आतून इजा झाली की आधी प्लेटलेट धावून येतात आणि एकमेकींना चिकटतात; मग रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होऊन फायब्रिनचं जाळं विणतात आणि तो ढीग पक्का करतात. प्लेटलेट म्हणजे विटा, फायब्रिन म्हणजे सिमेंट. हृदयाच्या धमनीत रक्त जोरात वाहतं. तिथे चरबीचा थर फुटला किंवा स्टेंटची उघडी जाळी असली तर मुख्यतः विटा रचल्या जातात. म्हणून तिथे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, प्रासुग्रेल ही प्लेटलेटवर काम करणारी औषधं. एएफमध्ये गोष्ट वेगळी. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्याच्या डाव्या बाजूला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साचतं. साचलेल्या रक्ताची गुठळी बहुतेक सिमेंटची असते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला की पक्षाघात. तिथे ॲस्पिरिन जवळपास निष्प्रभ. आकड्यांत सांगायचं तर एएफमधला पक्षाघात वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या औषधाच्या जातीच्या औषधाने साधारण दोन तृतीयांश कमी होतो, ॲस्पिरिनने जेमतेम पाचवा हिस्सा.

सासऱ्यांचा धोका किती? आम्ही त्यासाठी गुण मोजतो: वय ६५ ते ७४ चा एक, बीपीचा एक, शुगरचा एक, हृदयाच्या धमनीच्या आजाराचा एक. एकूण चार. काहीच औषध घेतलं नाही तर अशा शंभर जणांतल्या चार-पाच जणांना दर वर्षी पक्षाघात होतो. दहा वर्षांचा हिशोब केला तर हा आकडा लहान राहत नाही. त्यामुळे ॲपिक्साबॅन हवीच.

मग दोन्ही का नकोत? कारण स्टेंटला आता तीन वर्षं झाली. नवा स्टेंट बसवल्यावर त्याच्या जाळीवर आतलं अस्तर चढायला काही महिने लागतात, तोवर प्लेटलेटची दोन औषधं लागतात: हार्ट अटॅकनंतर बहुतेकांना वर्षभर, बाकीच्यांना साधारण सहा महिने. त्या काळात ती मधेच थांबवली तर स्टेंट गुठळीने बंद होऊ शकतो आणि ते जिवावर बेततं. वर्ष उलटून गेलं, छातीत दुखत नाही, आणि वर एएफमुळे ॲपिक्साबॅनसारखं औषध चालू आहे, तर ते एकटंच धमनीचंही बऱ्यापैकी राखण करतं. जपानमध्ये नेमक्या अशाच रुग्णांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रिव्हारॉक्साबॅन (ॲपिक्साबॅनच्याच कुळातली गोळी) एकटी, दुसऱ्याला तीच अधिक प्लेटलेटची गोळी. दोन गोळ्यांच्या गटात रक्तस्राव तर जास्त झालाच, मृत्यूही जास्त झाले, इतके की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. तेव्हा सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी गोळी कमी केली ती काटकसर म्हणून नव्हे. मात्र स्टेंट चार महिन्यांपूर्वीचा असता तर माझं उत्तर पूर्ण वेगळं असतं. म्हणून सोसायटीतल्या दुसऱ्या कोणाची ॲस्पिरिन या उत्तरावरून बंद करू नका.

ॲस्पिरिन आणि ॲपिक्साबॅन यांच्या स्वभावातला एक फरक रोजच्या वागण्यात उपयोगी पडतो. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं बनवू शकत नाही. सात ते दहा दिवसांचं तिचं आयुष्य तशीच काढते. म्हणजे ॲस्पिरिन एक दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही, आणि बंद केल्यावरही परिणाम आठवडाभर रेंगाळतो. ॲपिक्साबॅनचं तसं नाही. तिचं रक्तातलं प्रमाण साधारण बारा तासांत निम्म्यावर येतं. संध्याकाळची चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी राखण फार कमी उरलेली असते. सकाळी आठ, रात्री आठ, असं ठरवून टाका. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. विसरली आणि सहा तासांच्या आत आठवली तर घ्या. त्याहून उशीर झाला तर सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. दुप्पट कधीच नाही.

यात आपल्या भागातल्या दोन खास अडचणी. एक, पावसाळा. जुलैत रुळांवर पाणी आलं की माणूस मुलुंड-ठाण्याच्या मध्ये तीन-तीन तास अडकतो. खिशातल्या पाकिटात दोन गोळ्या स्ट्रिपसकट असू द्या. दुसरी, गणपती. कोकणात जाताना माणसं मोदकाचे साचे विसरत नाहीत, गोळ्या मात्र मोजून पाच दिवसांच्या नेतात आणि मुक्काम आठ दिवसांचा होतो. तालुक्याच्या गावीही ही गोळी दर दुकानात मिळेलच असं नाही. पंधरा दिवसांच्या जास्तीच्या न्या.

उपवासाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. ॲपिक्साबॅन पाण्याबरोबर चालते, पण शुगर असलेल्या माणसाने निर्जळी करू नये हा माझा आग्रह. याच कुळातल्या रिव्हारॉक्साबॅनची १५ आणि २० ची गोळी मात्र भरल्या पोटीच घ्यावी लागते, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. साबुदाण्याची खिचडी भरल्या पोटात मोडते, हे एका रुग्णाच्या सुनेला मी लेखी दिलं होतं. याच कामाच्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून पावडर करू नये, आणि ती ओलाव्याने बिघडते, म्हणून डब्यात काढून ठेवू नये. कंपनीच्या पाकिटातच राहू द्यावी.

अडीचच्या गोळीबद्दल. ॲपिक्साबॅनची मात्रा कमी करायला तीन निकष आहेत: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. तीनपैकी दोन जुळले तर अडीच. सासऱ्यांचं फक्त वजन जुळतं. म्हणून पाचचीच योग्य. ‘म्हातारे आहेत, थोडी कमीच बरी’ ही भावना घरोघरी असते, आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांमध्येही असते. पण अर्धी मात्रा म्हणजे पक्षाघाताची राखण अर्धवट आणि रक्तस्रावाची चिंता तशीच. पुढे ते ऐंशी ओलांडतील किंवा किडनी मंदावेल तेव्हा मात्रा बदलेल, ती डॉक्टर बदलतील. म्हणूनच दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन तपासायचं. ‘काहीच तपासणी नाही’ असं तुम्हाला वाटलं, तर ही आहे ती.

काकूंना जी दर महिन्याला तपासणी लागते ती आयएनआर. त्यांची गोळी बहुधा ॲसिट्रॉम असेल, म्हणजे ॲसिनोकूमरॉल, वॉरफरिनची धाकटी बहीण. या घराण्याचा इतिहास मजेदार आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेलं क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातलं द्रव्य शोधलं. त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं, आणि १९५५ मध्ये हार्ट अटॅक आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेच देण्यात आलं. ‘उंदराचं औषध देतात’ असं काकूंना कोणी म्हणालं असेल तर ते खोटं नाही, पण मात्रा कळली की विष आणि औषध यांत गल्लत होत नाही.

हे औषध यकृतात के जीवनसत्त्वाचं काम अडवतं, आणि त्यामुळे गुठळीची काही प्रथिनं अर्धवट बनतात. आयएनआर म्हणजे या अडवण्याचं माप: औषध न घेणाऱ्याचा १ च्या आसपास, एएफसाठी २ ते ३, हृदयाच्या डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेच्या जागी धातूचा वॉल्व्ह असेल तर साधारण २.५ ते ३.५. पालेभाजीत के जीवनसत्त्व भरपूर, म्हणून ती खाल्ली की औषधाचा जोर कमी होतो. पण यावरून ‘पालेभाजी वर्ज्य’ असं काढणं चुकीचं. वर्ज्य केली की आयएनआर चढतो, मग डॉक्टर मात्रा उतरवतात, मग एखाद्या आठवड्यात लग्नघरी पालक-मेथी-अळू झालं की तो एकदम घसरतो. हवं आहे ते सातत्य. काकू आठवड्यातून तीनदा पालेभाजी खात असतील तर तीनदाच खात राहाव्यात. पावसाळा सुरू झाला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात येऊरच्या डोंगरातल्या बायका टाकळा, कुलू, शेवळं घेऊन बसतात आणि आपल्या घरांत महिनाभर रानभाज्यांचा सपाटा चालतो. त्या महिन्यात आयएनआर एकदा जास्तीचा करून घेतलेला बरा. मात्रा ‘एक दिवस २, एक दिवस ३’ अशी असेल तर कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवणाऱ्या आजी माझ्या सर्वांत शिस्तीच्या रुग्ण आहेत.

भाजीपेक्षा जास्त गोंधळ दुसरी औषधं घालतात. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, तोंड आल्यावर लावायची मायकोनाझोलची जेल, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल, यांनी आयएनआर भराभर चढतो. टीबीसाठीच्या रिफाम्पिसिनने उलट इतका उतरतो की गोळी घेतोय की नाही असं वाटावं. रिफाम्पिसिन ॲपिक्साबॅनचाही जोर घालवते, हे तुमच्यासाठी.

मग काकूंनाही नवी, बिनतपासणीची गोळी का देत नाहीत? त्यांना वॉल्व्हचा त्रास आहे म्हणालात, तिथे उत्तर आहे. धातूच्या वॉल्व्हवर नवी औषधं चालत नाहीत. डॅबिगॅट्रानचा प्रयोग करून पाहिला, त्यात गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही, २०१३ मध्ये तो विषय संपला. लहानपणी सांधेतापाने मिट्रल वॉल्व्ह अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजून खूप आहेत. त्यांच्यासाठी रिव्हारॉक्साबॅन बरी की जुनी गोळी, असा मोठा अभ्यास आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांत झाला. २०२२ मध्ये निकाल आला: जुन्या गोळीवरची माणसं जास्त जगली. जुनं म्हणून कमी प्रतीचं, असं समजू नका. उलट सासऱ्यांचा आयएनआर काढून काहीच कळणार नाही. ॲपिक्साबॅनचं माप त्यात उमटत नाही. लॅबवाल्याने पॅकेजमध्ये घातलाच तर आकडा पाहून घाबरू नका.

आता गुडघा. मला सगळ्यांत जास्त काळजी याची वाटते, आणि तुम्ही ते अर्ध्या वाक्यात उरकलंत! डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब: ही वेदनाशामकं जठराचं अस्तर दुबळं करतात, किडनीवर ताण आणतात, बीपी चढवतात. बहुतेक प्लेटलेटही मंद करतात. ॲपिक्साबॅनबरोबर ती आठवडाभर घेतली तर पोटातून रक्त जाण्याचा धोका सरळ वाढतो. माझ्याकडे पोटातल्या रक्तस्रावाने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत ‘फक्त रक्त पातळ होण्याची गोळी’ घेणारे कमी आणि तिच्यासोबत केमिस्टकडून गुडघ्याची गोळी आणणारे जास्त असतात. नावापुढे ‘पी’ किंवा ‘प्लस’ असलेल्या गोळीला लोक पॅरासिटामॉल समजतात. मागे बघा, ॲसिक्लोफिनॅक निघेल. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे, डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन. सासऱ्यांना चालेल ती साधी पॅरासिटामॉल, ६५० ची, दिवसाला फार तर तीनदा. वरून लावायचं मलम थोडं चालेल. शेक, व्यायाम चालतील. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेत सुई मात्र घेऊ नका. स्नायूत खोल टोचलं की तिथे रक्त साचून काळंनिळं गाठोडं होतं. फ्लूची लस बारीक सुईने घेतली आणि पाच मिनिटं दाबून धरलं तर हरकत नाही. लसूण, आलं, हळद रोजच्या स्वयंपाकात जितकी असते तितकी निर्धास्त खावी, पण त्यांच्या कॅप्सूल नकोत. काढा किंवा चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, ओशाळू नका.

ताप आला तर? ठाणे-नवी मुंबईत ऑगस्ट ते ऑक्टोबर ताप म्हणजे आधी डेंग्यू, मलेरिया, लेप्टोची शंका. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, त्यात ही गोळी चालू. म्हणून या घरात ताप आला की पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी) लवकर करायचा, तापाला पॅरासिटामॉलशिवाय काही द्यायचं नाही. ॲपिक्साबॅन चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची हे प्लेटलेटचा आकडा पाहून डॉक्टर ठरवतील.

दाढी करताना कापलं, हिरड्यांतून ब्रशला रक्त लागलं, हातावर निळा डाग उठला, याने घाबरायचं नाही आणि याच्यावरून गोळी तर मुळीच थांबवायची नाही. नाकातून रक्त आलं तर मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग पंधरा मिनिटं घट्ट दाबायचा; मान मागे टाकून डोक्यावर पाणी मारण्यात अर्थ नाही. डांबरासारखी काळी चिकट शौच, लालसर लघवी, रक्ताची उलटी, अचानक भयंकर डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं: १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून थेट मोठ्या रुग्णालयात न्या. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, ती चालू असेल तर तेही सांगा. आणि डोक्याला मार लागला, बाथरूमच्या ओल्या फरशीवर पडले, नंतर चहा घेऊन गप्पा मारतायत, तरी रुग्णालयात न्यायचं आणि सीटी स्कॅनबद्दल विचारायचं. डोक्यातलं रक्त काही तासांनी साचतं. या एका बाबतीत मी घरच्यांशी वाद घालत नाही, हट्ट करतो.

डब्यातल्या बाकीच्या गोळ्यांबद्दल झरझर. मेटोप्रोलॉल ठोके काबूत ठेवते. एकदम बंद केली की ठोके आणि छातीतली कळ उसळून येते, म्हणून संपण्याआधी आणायची. बीपीची टेल्मिसार्टन किडनीला जपते पण पोटॅशियम वाढवू शकते. बीपीसाठी चांगलं म्हणून तुमच्याकडे ‘लो सोडियम’ मीठ आणलं असेल तर त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. जुलाब-उलट्या लागल्या तर टेल्मिसार्टन त्या दिवशी घ्यायची का, हे फोन करून विचारा. बीपीच्याच अमलोडिपिनने घोटे सुजू शकतात, ते किडनी बिघडल्याचं लक्षण असेलच असं नाही. छातीतल्या कळेसाठीची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची ती बसून, उभ्याने नाही. बीपी झपकन उतरून माणूस कोसळतो. आणि लैंगिक शक्तीसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतली असेल तर सॉर्बिट्रेट जिभेखाली अजिबात नाही. हे सासऱ्यांना तुमच्या नवऱ्याने विचारावं, तुम्हाला ते सांगणार नाहीत.

राहिली दाढ. ‘पाच दिवस बंद’ हा आकडा क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिनच्या दिवसांपासून सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. त्या औषधांचा परिणाम ओसरायला तितके दिवस लागतात. किडनी ठीक असेल तर ॲपिक्साबॅन दोन दिवसांत रक्तातून जवळपास निघून जाते. म्हणजे पाच दिवस बंद ठेवली तर तीन दिवस चार गुणांचा माणूस एएफसकट उघड्यावर, एका दाढेपायी. एक-दोन दात साधे काढायचे असतील तर बहुधा गोळी थांबवावीच लागत नाही. स्कॉटलंडमधल्या दंतवैद्यांच्या मार्गदर्शक सूचनांत तीन दातांपर्यंत असंच सांगितलं आहे. अक्कलदाढ हाडात अडकलेली असेल, हिरडी कापावी लागणार असेल, तर सहसा फक्त त्या दिवशीची सकाळची गोळी सोडतात आणि रक्त थांबल्यावर संध्याकाळची घेतात. कुठला प्रकार आहे हे दाताचे डॉक्टर सांगतील, गोळीचं काय करायचं हे हृदयरोगतज्ज्ञ सांगतील. त्या दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा; तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. आणि दाढ काढायच्या आधी त्या कॅप्सूलचा निकाल लागलेला हवा, नाहीतर हिशोबात नसलेली ॲस्पिरिन खुर्चीत बसेल.

दंतवैद्यांना हेही विचारा की टाका घालणार का, ट्रानेक्झॅमिक ॲसिडमध्ये (रक्त थांबवायला मदत करणारं औषध) भिजवलेला बोळा देणार का. बोळा अर्धा तास न बोलता घट्ट चावून धरायचा. चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गरम चहा नाही. दहीभात, गार खिमट चालेल, आणि जेवण कमी होणार असेल तर शुगरच्या गोळीचं आधीच विचारून ठेवा. निघताना जे प्रिस्क्रिप्शन हातात पडेल ते तिथेच वाचा. दात काढल्यावर केटोरोलॅक किंवा डायक्लोफिनॅक, म्हणजे गुडघ्याच्या गोळ्यांच्याच जातीची वेदनाशामकं, लिहायची सवय सर्रास आहे. ते बदलून पॅरासिटामॉल मागा. वेळ सकाळची घ्या, आणि आठवड्याच्या सुरुवातीची. शनिवारी संध्याकाळी दाढ काढली आणि रात्री अकराला रक्त सुरू झालं, तर दवाखान्याचं शटर सोमवारी उघडतं.